जुनी फोर-बाय-फोर घेताना: डिझेल इंजिन की गॅस बसवलेलं पेट्रोल?

जुन्या फोर-बाय-फोरच्या शोधात निघालं की काही दिवसांत दोन गाड्या समोर उभ्या राहतात. एक डिझेलची: किंमत चढी, किलोमीटर भरपूर झालेले, आवाज खडबडीत. दुसरी त्याच मॉडेलची, पण मोठ्या पेट्रोल इंजिनाची. तिच्या मागे गॅसची (एलपीजी किंवा सीएनजी) टाकी बसवलेली असते आणि किंमत बरीच खाली असते. विकणारा सांगतो, गॅसवर चालवा, डिझेलपेक्षा स्वस्त पडेल. ऐकणारा तेवढ्यावर हिशेब मिटवतो आणि तिथेच फसतो.

मी स्वतः एकदा अशी गॅसची गाडी घेतली. किट चांगलं होतं, टाकी नवी होती, रस्त्यावर गाडी सुरेख पळायची. वर्षभरात सकाळी सेल मारल्यावर ती एका सिलिंडरवर मिसिंग करायला लागली आणि शेवटी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावं लागलं. जळका वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, खोल रुतले होते. आधीच्या मालकाने गॅस बसवल्यापासून टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातल्या फटीचं, माप एकदाही घेतलं नव्हतं आणि मीही घेतानाच त्याला ते विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो की आधी ती एक गाडी बघा: तिच्यावर काय झालंय, कोणी केलंय, आणि पुढे ती कुठे जाणार आहे. इंधनाचा दर त्यानंतर.

पहिली पायरी: आपलं चालवणं लिहून काढा

एका कागदावर मागच्या तीन महिन्यांचं चालवणं लिहा. महिन्याला किती किलोमीटर? त्यातले किती लांब पल्ल्याचे आणि किती पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांचे? ओढायला ट्रेलर असतो का? चिखल, नदी, दगडधोंडे, घाट यांत गाडी खरंच जाते की वर्षातून दोनदा? जिथे जाता तिथे गॅस मिळतो का?

छोट्या फेऱ्यांचा प्रश्न दोन्ही गाड्यांना छळतो, फक्त वेगळ्या रीतीने. गॅसची गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण ३० ते ४० अंशांवर गेलं की ती गॅसवर वळते. पाच किलोमीटरच्या फेरीत त्यातला बराच भाग पेट्रोलवर जातो आणि मोठं इंजिन थंड असताना पेट्रोल ओढतं. अलीकडच्या डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि छोट्या फेऱ्यांत तो कधीच तेवढा तापत नाही. फिल्टर चोंदतो. शिवाय काजळी जाळण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. गाडी फक्त गावातल्या गावात फिरणार असेल तर डीपीएफवाली डिझेल घेऊ नका, मग ती कितीही स्वच्छ दिसो.

दुसरी पायरी: दर किलोमीटरचा खरा हिशेब

एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२ आणि द्रव एलपीजीत २५ च्या आसपास. म्हणून तेच इंजिन एलपीजीवर पेट्रोलच्या तुलनेत २० ते २५ टक्के जास्त लिटर पितं. डिझेलला दुहेरी फायदा: लिटरमागे ऊर्जा जास्त आणि इंजिनाची कार्यक्षमताही जास्त.

समजा, एकाच आकाराच्या दोन गाड्या आहेत. डिझेल लिटरला १० किमी देते. पेट्रोल ७ देते, म्हणजे एलपीजीवर साधारण ५.६. ५.६ ला १० ने भागलं की ०.५६ येतं. याचा अर्थ एलपीजीचा लिटरचा दर डिझेलच्या ५६ टक्क्यांच्या खाली असेल तरच गॅस स्वस्त पडतो. त्यात दहा टक्के अंतर थंड इंजिनावर पेट्रोलने कापलं जातं असं धरा आणि पेट्रोल-डिझेलचा दर सारखा माना, तर ही रेषा ५३ टक्क्यांवर येते. तुमच्या गाडीचे आकडे घालून हा भागाकार स्वतः करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता गॅसचा दर डिझेलच्या ४० टक्के आहे असं धरू. १०० किमीला डिझेल गाडीला १० लिटर लागतं. गॅसच्या गाडीचा खर्च, पेट्रोलसकट, सुमारे ७.९ लिटर डिझेलच्या किमतीइतका होतो. १०० किमीमागे बचत झाली २.१ लिटरची. पुढे कधी हेडचं काम निघालं आणि त्याला ६०० लिटर डिझेलच्या किमतीइतके पैसे गेले, तर ते भरून यायला सुमारे २८,००० किमी चालवावं लागेल. वर्षाला ६,००० किमी चालवणाऱ्याने गॅसच्या बचतीवर भुलू नये. त्याच्यासाठी खरी बचत गाडीच्या खरेदी किमतीतच असते, आणि ती बऱ्याचदा मोठी असते.

सीएनजी किलोवर मिळतो. एका किलोत साधारण १.४ ते १.५ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, म्हणजे लिटरला ७ देणारी गाडी किलोला १० च्या जवळपास देईल. हिशेबाची रीत तीच.

तिसरी पायरी: रस्ता सोडल्यावर कोण काय करतं

डिझेलची ताकद कमी आरपीएमवर असते. लो गिअर टाकून, क्लच सोडून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढूनही जुनं डिझेल दगडांवरून रांगत जातं. स्पार्क नसल्याने पाण्याचे शिंतोडे उडाले म्हणून ते बंद पडत नाही. यांत्रिक पंपाची जुनी इंजिनं, उदाहरणार्थ टोयोटाचं ४.२ लिटरचं वन-एचझेड किंवा लँड रोव्हरचं ३००टीडीआय, एकदा सुरू झाली की फारशी वीजही मागत नाहीत. दूरवर एकट्याने जाणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव असतो तो यामुळेच. पण पाण्यात डिझेल बुडतच नाही असा समज करून घेऊ नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने नुकसानही मोठं होतं.

मोठं पेट्रोल इंजिन, विशेषतः व्ही-८ किंवा सरळ सहा सिलिंडरचं, यात अगदीच मागे नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत ते वाळूत आणि चिखलात डिझेलपेक्षा मोकळं चालतं, कारण चाकं फिरती ठेवायला आरपीएम पटकन चढावे लागतात. गॅसवर थोडी ताकद जाते: जुन्या मिक्सरच्या किटमध्ये जास्त, सिक्वेन्शियल किटमध्ये कमी (ही किटं कशी ओळखायची ते पाचव्या पायरीत), सीएनजीवर सर्वांत जास्त, साधारण १० ते १५ टक्के. कारण वायुरूप गॅस सिलिंडरमधल्या हवेची जागा घेतो. उंचीवर आणखी एक घट येते. टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावतं. टर्बो डिझेल ती बरीचशी भरून काढतं. उंच घाटांत सामान लादून जाणाऱ्याला हा फरक चढावर लगेच कळतो.

गॅसच्या टाकीची जागाही बघा. मागच्या बंपरखाली किंवा चासीच्या बाजूला लटकवलेली टाकी गाडीची मागची उतार-चढ क्षमता कमी करते. खड्ड्यातून बाहेर येताना आधी तीच टेकते. रस्ता सोडून जाणाऱ्या गाडीत टाकी आत, सामानाच्या जागेत असलेली बरी. स्टेपनीच्या जागी बसवली असेल तर स्टेपनी कुठे गेली, तेही विचारा.

चौथी पायरी: डिझेल तपासणं

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गरम डिझेल जवळजवळ नेहमीच एका सेलमध्ये सुरू होतं, दोष थंडपणीच उघडे पडतात.

हीटर प्लगचा दिवा विझू द्या आणि मग सेल मारा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण तो मिनिटभरात जायला हवा. राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर एखाद्या इंजेक्टरचं डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. त्याची सुरुवात चोंदलेल्या एअर फिल्टरपासून तपासा, कारण तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग ऑइल भरण्याचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. मंद वाफ येणं ठीक. पण झाकण नाचायला लागलं, धूर भक्‌भक् बाहेर पडू लागला, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेत. पूर्ण इंजिनाचा खर्च धरूनच मग किमतीचं बोला.

कॉमनरेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून उच्च दाबाचं डिझेल पुरवणारं, असेल तर तपासणी इथे संपत नाही. ही पद्धत प्रवासी गाड्यांत १९९७ साली आली. सुरुवातीला दाब १,३५० बारच्या आसपास होता, पुढे तो २,००० बारच्या वर गेला. इतक्या दाबाला पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा सोसत नाही. मेकॅनिककडून इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून रिटर्न मोजून घ्या. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झरझर भरली तर तो इंजेक्टर गेला. चार किंवा सहा इंजेक्टर आणि एक उच्च दाबाचा पंप यांची किंमत फोन करून आधीच विचारून ठेवा. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती रक्कम ऐकूनच निर्णय होतो.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं. पातळी मात्र खुणेच्या वर असेल तर त्यात डिझेल उतरलेलं असू शकतं. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा अगदी किंचित हलला तर चालेल, पंखा घराला घासत असेल तर नाही. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याची पावती मागा. पावती नसेल तर बदलायचाच आहे असं धरा.

पाचवी पायरी: गॅसची गाडी तपासणं

इथे वेळ द्या, कारण इथे दोन गोष्टी तपासायच्या आहेत: मूळ इंजिन आणि नंतर बसवलेलं किट. दोन्हींत दोष असू शकतो आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो.

आधी इंजिन पूर्ण थंड असताना पेट्रोलवर सुरू करा. सुरूच होत नसेल आणि मालक म्हणत असेल की आम्ही थेट गॅसवरच सुरू करतो, तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर गेलेले असतात. टाकीत वर्षानुवर्षं तळाला थोडंसं पेट्रोल ठेवून गाडी चालवली की पंप गरम होतो आणि इंजेक्टर चिकट होऊन बसतात. पेट्रोलवर चांगली न चालणारी गाडी गॅसवर चांगली चालते, हे फार काळ टिकत नाही.

मग किट कोणत्या पिढीचं आहे ते बघा. एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या मध्ये एक चकतीसारखा मिक्सर आणि त्याला एकच जाड नळी असेल, तर ते जुनं मिक्सरचं किट. त्यात इनटेक मॅनिफोल्डभर गॅस आणि हवेचं मिश्रण साठलेलं असतं. एक स्पार्क चुकला की तिथेच भडका उडतो. हा बॅकफायर एअर फिल्टरचा डबा फोडतो आणि हवा मोजणारा सेन्सर घालवतो. इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असेल तर मिक्सरचं किट बघून मी परत फिरतो. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकशी स्वतंत्र बारीक नळी आणि एका रांगेत गॅस इंजेक्टर दिसले तर ते सिक्वेन्शियल किट. ते घ्यावं.

आता रेड्यूसर. द्रव एलपीजीचा इथे वायू होतो आणि तेव्हा तो उष्णता खेचतो, म्हणून त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. इंजिन गरम झाल्यावर रेड्यूसरला हात लावा, तो गरम हवा. त्यावर दव किंवा बर्फ धरत असेल तर कूलंट पोचत नाही. पातळी कमी असेल, नळीत हवा अडकली असेल, किंवा हेड गॅस्केट गेल्यामुळे कूलंट कमी होत असेल. तिसरी शक्यता सर्वांत महागडी, म्हणून कारण सापडेपर्यंत बयाणा देऊ नका.

व्हॉल्व्ह सीटचं कारण नीट समजून घ्या. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला जो थोडा थंडावा मिळतो तो मिळत नाही. मिश्रण पातळ (गॅस कमी, हवा जास्त) बसवलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणखी तापतात. सीट मऊ असेल तर व्हॉल्व्ह तीत हळूहळू रुततो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मग जळतो. ओतीव लोखंडाच्या काही जुन्या हेडमध्ये सीट हेडमध्येच कापलेली असते, तिथे धोका जास्त. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या धातूची सीट बसवावीच लागते, पण तीही सगळीकडे सारखी कडक नसते. म्हणून ज्या मॉडेलचं ज्या वर्षाचं इंजिन घेताय ते गॅसवर किती टिकलंय, हे तीच गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. फट शिमने (पातळ चकतीने) किंवा स्क्रूने बसवायची असेल तर फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मापून घ्या. हायड्रॉलिक टॅपेट असतील, जसे रोव्हर व्ही-८ मध्ये असतात, तर माप घेता येत नाही आणि शेवटपर्यंत आवाजही येत नाही. तिथे सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह गळतोय का ते पुढे तपासायला लावा.

ऑइलबाबत डिझेलच्या उलट सावध राहा. गॅसवर काजळी होत नसल्याने जुनं ऑइलही सोनेरी दिसतं. स्वच्छ ऑइल बघून ते वेळेवर बदललं असं मानू नका, पावत्या बघा.

स्पार्क प्लग आणि प्लगच्या वायरी किंवा कॉइल बघा. गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त जोराचा स्पार्क लागतो, म्हणून कमजोर कॉइल आधी गॅसवरच मिसिंग करते. गाडीला निदानाचं सॉकेट असेल तर साधा स्कॅनर लावा. पेट्रोलवर फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) किती आणि गॅसवर किती, दोन्ही लिहून घ्या. दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल तर किट नीट जुळवलंय. पेट्रोलवर सरळ आणि गॅसवर पंचवीस टक्के असेल तर किट बसवणाऱ्याने सेटिंग न करताच गाडी सोडली आहे.

टाकीवरची पट्टी वाचा: बनवल्याची तारीख, तपासणीची तारीख, मानक. युरोपीय पद्धतीच्या एलपीजी भागांवर आर-६७ आणि सीएनजीच्या भागांवर आर-११० असे मानकांचे क्रमांक असतात. सीएनजी सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, त्यामुळे तपासणीची मुदत टळलेला सिलिंडर घेऊच नका. एलपीजीची टाकी ८० टक्क्यांवर आपोआप थांबायला हवी. शक्य असेल तर मालकासोबत जाऊन भरून बघा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर गळती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि तळघरात साठतो, म्हणून गळक्या गाडीखाली गॅरेजच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. सीएनजी हलका, तो वर जातो. काही बोगदे आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये गॅसच्या गाड्यांना मनाई असते, तुमच्या रोजच्या वाटेवर तसं काही आहे का ते बघून घ्या. आणि गॅसची नोंद गाडीच्या कागदांवर असलीच पाहिजे. नसेल तर विम्याच्या वेळी तुम्ही एकटे पडाल.

सहावी पायरी: चालवून बघणं

एकच चढ निवडा. गॅसची गाडी त्यावर आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर, त्याच गिअरमध्ये त्याच वेगाने न्या. थोडी ताकद कमी वाटणं साहजिक, पण झटके, मिसिंग किंवा बंद पडणं नको. चढावर पाय दाबून ठेवलेला असताना गॅसवरून पेट्रोलवर वळवा आणि पुन्हा परत. नंतर गाडी उभी करून आयडलवर बघा: ब्रेक दाबून थांबताना इंजिन गॅसवर मरतं का? डिझेल त्याच चढावर नेऊन आरशात धूर बघा आणि तापमानाचा काटा बघत राहा. मग दोन्ही गाड्यांत लो गिअर, डिफ लॉक (दोन चाकं एकत्र फिरवणारं), ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी) प्रत्यक्ष टाकून बघा, कारण इंधनाच्या विचारात ही तपासणी राहून जाते आणि फोर-बाय-फोर म्हणून घेतलेली गाडी फोर-बाय-टू निघते.

कोणाला काय

लांब पल्ला, ट्रेलर, उंची, गॅस न मिळणारा मुलूख: डिझेल, आणि जमलं तर डीपीएफच्या आधीचं. मात्र जुन्या डिझेलवर प्रदूषणामुळे बंदी असलेल्या शहरांत तुम्हाला जावं लागतं का ते खरेदीआधी तपासा. छोट्या फेऱ्या जास्त, गॅस जवळ, अधूनमधून रस्ता सोडणं, आणि गॅस जाणणारा मेकॅनिक हाताशी असेल, तर सिक्वेन्शियल किटचं पेट्रोल इंजिन माझ्या मते जास्त समाधान देतं. मेकॅनिक नसेल तर देत नाही. दोन गाड्या सारख्याच आवडल्या असतील, तर जिच्या पावत्यांची फाइल जाड आहे ती घ्या.

गाडी घरी आली की डिझेलचं फिल्टर लगेच बदला, पाणी वेगळं करणाऱ्या कपातलं पाणी सोडा, बेल्टची तारीख लावून घ्या. गॅसची असेल तर गॅस फिल्टर बदला, प्लग नवे टाका, पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टॅपेटचं किंवा कॉम्प्रेशनचं माप घेऊन ते तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. दहा हजार किमीनंतर पुन्हा मोजा. फट कमी झालेली दिसली तर सीट झिजायला लागली आहे. तेव्हा टॅपेट नीट बसवून, मिश्रण तपासून घेतलं तर हेड उतरवायची वेळ बरीच पुढे ढकलता येते.